पीयूसी पास, पण कार्बन किती? वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

वाहतुकीतून होणारं कार्बन उत्सर्जन कमी कसं करायचं, यावर पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. पुढच्या सगळ्या उत्तरांत तीन आकडे पुन्हा पुन्हा येतील. एक लिटर पेट्रोल जळलं की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. एक लिटर डिझेलचा सुमारे २.७ किलो आणि एक किलो सीएनजीचा सुमारे २.७५ किलो. मासिक हातावेगळं करण्याआधी हे तीन आकडे कुठेतरी लिहून ठेवा.

माझ्या स्कूटरचं पीयूसी दर वेळी सहज पास होतं. मग माझ्या गाडीमुळे हवामानबदलात भर पडते असं का म्हणायचं? — एक वाचक, कोथरूड

पीयूसी वेगळ्याच गोष्टीची तपासणी आहे. पेट्रोलच्या गाडीत ती कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेले हायड्रोकार्बन मोजते, डिझेलच्या गाडीत धुराची घनता. हे वायू आणि धूर फुप्फुसांना त्रास देतात, म्हणून पीयूसी हवीच. पण पृथ्वी तापवणाऱ्या कार्बन डायऑक्साइडवर या प्रमाणपत्रात कोणतीही मर्यादा नाही. चार वायूंचं यंत्र त्याचा आकडा पडद्यावर दाखवतं, पण त्यावरून कुणी पास किंवा नापास होत नाही. उलट इंधन नीट जळत असेल तर हा आकडा वाढलेलाच दिसतो. सायलेन्सरमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर मोनॉक्साइडचं रूपांतर डायऑक्साइडमध्येच करतो.

एक लिटर पेट्रोलचं वजन पाऊण किलोच्या आत असतं, मग त्यातून सव्वादोन किलोहून जास्त वायू कसा निघतो, हा प्रश्नही बरेच जण विचारतात. लिटरभर पेट्रोलमध्ये अंदाजे ६४० ग्रॅम कार्बन असतो. जळताना प्रत्येक १२ ग्रॅम कार्बन हवेतला ३२ ग्रॅम ऑक्सिजन ओढून घेतो. जादा वजन त्या ऑक्सिजनचं असतं.

आता तुमचा हिशोब. रोज ३० किमी, ४५ किमीचा ॲव्हरेज आणि वर्षाचे ३०० दिवस धरले तर २०० लिटर पेट्रोल लागतं. म्हणजे वर्षाला ४६० किलो कार्बन डायऑक्साइड, आणि तोही पीयूसी पूर्ण निर्दोष असताना. हा आकडा कमी करायचे दोनच मार्ग आहेत: किलोमीटर कमी करायचे, किंवा प्रत्येक किलोमीटरमागचं इंधन कमी करायचं.

११० सीसीची एफआय (फ्युएल इंजेक्शनची) स्कूटर, २८ हजार किमी झाले. आधी ४८ चा ॲव्हरेज द्यायची, आता ३६ वर आली आहे. गॅरेजवाले म्हणतात, इथेनॉलच्या पेट्रोलमुळे असंच होणार. खरं आहे का? — एक वाचक, सिंहगड रस्ता

अर्धवट खरं आहे. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. त्यामुळे २० टक्के मिश्रणाच्या पेट्रोलमध्ये शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत सहा-सात टक्के ऊर्जा कमी भरते. या हिशोबाने ४८ चे ४५ होतील. तुमची घट २५ टक्के आहे आणि ती सगळी इथेनॉलच्या माथी मारता येणार नाही. बाकीचं पेट्रोल गाडीतच कुठेतरी वाया जातंय. खाली दिलेल्या क्रमानेच तपासा, कारण पहिल्या तीन गोष्टींना जवळजवळ पैसे लागत नाहीत.

आधी ॲव्हरेज नीट मोजा. डॅशबोर्डवरच्या काट्यावरून किंवा ‘दोनशे रुपयांत किती दिवस गेले’ यावरून अंदाज बांधू नका. टाकी भरताना नोझल पहिल्यांदा आपोआप बंद पडलं की थांबा, आग्रहाने वर भरून घेऊ नका. किमी लिहून ठेवा. किमान १५० किमी चालवा आणि त्याच पंपावर तशीच टाकी भरा. स्कूटरची टाकी लहान असते, त्यामुळे दोनशे मिली इकडेतिकडे झालं तरी आकडा पाच-सात टक्क्यांनी हलतो. म्हणून तीन वेळा मोजून सरासरी काढा.

मग हवा. सकाळी गाडी बाहेर काढण्याआधी, टायर थंड असताना तपासा. बऱ्याच ११० सीसी स्कूटरना पुढे २२ पीएसआय, मागे एकट्यासाठी २९ आणि डबलसीटसाठी ३६ लागते. तरी तुमच्या गाडीवरच्या स्टिकरचा आकडा अंतिम माना. पंपावरच्या मीटरवर विसंबू नका. स्वतःचा छोटा गेज घेऊन डिकीत ठेवा. मागच्या टायरमध्ये २९ ऐवजी २० असेल तर डोळ्यांना फारसं कळत नाही, पण इंजिनला प्रत्येक किलोमीटरला कळतं.

तिसरी गोष्ट ब्रेकची. पुण्याच्या गर्दीत ती सर्वांत जास्त नडते. स्कूटर मधल्या स्टँडवर घ्या, इंजिन बंद करा, पुढचं चाक हाताने जोरात फिरवा. दोन-तीन फेरे मोकळे फिरायला हवेत. घासल्याचा आवाज येऊन अर्ध्या फेऱ्यात थांबलं तर ब्रेक धरतोय. मागचं चाक गिअरबॉक्समुळे थोडं जड फिरतंच, त्यामुळे तिथे आवाज ऐका. लिव्हरचा मोकळा खेळ साधारण एक ते दोन सेंटिमीटर असावा. केबल कडक झाली असेल, ड्रममध्ये लायनरची धूळ साठली असेल किंवा लायनर ढकलणाऱ्या कॅमला गंज लागला असेल, तर लिव्हर सोडल्यावरही लायनर मागे येत नाही. कॉम्बी ब्रेक असेल तर डावी लिव्हर दोन्ही चाकं धरते आणि नुकसान दुप्पट होतं. चालवताना लिव्हरवर दोन बोटं कायम टेकलेली असतील तर ती सवयही मोडा.

यानंतर व्हेरिएटर, म्हणजे स्कूटरचे गिअर आपोआप बदलणारी बेल्ट-पुलीची यंत्रणा, उघडून घ्या. २८ हजार किमीला मूळ बेल्ट आणि रोलर असतील तर बहुधा दोष इथेच सापडेल. रोलर एका बाजूने चपटे झाले की बेल्ट पुढच्या पुलीच्या बाहेरच्या कडेपर्यंत चढत नाही. मग गाडी ४५ च्या वेगाला इंजिन आधीपेक्षा जास्त फिरवते. लक्षणं ओळखीची असतात: आवाज वाढतो, वेग मागे राहतो, सुटताना थरथर होते. मेकॅनिकला रोलरचा व्यास आणि बेल्टची रुंदी व्हर्नियरने मोजायला लावा आणि सर्व्हिस पुस्तिकेतल्या मर्यादेशी ताडून पाहा. बोटाने दाबून ‘ठीक आहे’ म्हणणं पुरेसं नाही. रोलर बदलायचे तर पूर्ण संच बदला. बेल्टला ग्रीस किंवा ऑइल लागू देऊ नका, लागलं तर तो घसरतो.

एअर फिल्टर ऑइल लावलेल्या कागदाचा असेल तर त्यावर हवा मारू नका आणि तो धुऊही नका. ऑइल उडून जातं आणि बारीक धूळ थेट सिलेंडरमध्ये जाते. तो बदलायचाच असतो, आणि खोदलेल्या रस्त्यांवरून रोज जात असाल तर पुस्तिकेतल्या मुदतीच्या आधी. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत फिल्टर तुंबला की मिश्रण घट्ट होतं आणि पेट्रोल सरळ वाढतं. एफआय गाडीत कंट्रोल युनिट इंधन बरंच जुळवून घेतं, पण गाडीची ओढ कमी होते आणि मूठ जास्त पिळली जाते.

शेवटी स्पार्क प्लग काढून रंग बघा. कॉफीसारखा तपकिरी असेल तर ज्वलन ठीक आहे. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जातंय. तेव्हा तापमानाचा आणि ऑक्सिजनचा सेन्सर तपासायला सांगा. टॅपेट सेटिंग, म्हणजे इंजिनच्या व्हॉल्व्हची फट जुळवणं, इंजिन पूर्ण थंड असतानाच करायला सांगा. गरम इंजिनवर केलेलं सेटिंग चुकतं.

हे सगळं करून ॲव्हरेज ३६ वरून ४५ वर आला, तर रोजच्या ३० किमीला वर्षात ५० लिटर पेट्रोल वाचेल, म्हणजे ११५ किलो कार्बन डायऑक्साइड.

दहा वर्षांची कार आहे. दर उन्हाळ्यात एसीचा गॅस भरून घ्यावा लागतो. याचा पर्यावरणाशी काही संबंध आहे का? — एक वाचक, औंध

हा प्रश्न विचारल्याबद्दल तुमचे मनापासून आभार, कारण गाड्यांच्या कार्बनबद्दल बोलताना याकडे जवळजवळ कुणाचंच लक्ष जात नाही. तुमच्या कारमध्ये बहुधा आर-१३४ए गॅस आहे. त्याचा एक किलो हवेत गेला तर शंभर वर्षांच्या हिशोबाने सुमारे १,४०० किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता अडवतो. लहान कारच्या एसीत ४०० ग्रॅम गॅस धरला तर तो पूर्ण गळणं म्हणजे ५६० किलो, जवळपास २४० लिटर पेट्रोल जाळल्यासारखं. लिटरला १५ किमी देणारी गाडी तेवढ्या पेट्रोलवर ३,६०० किमी जाईल.

एसीची यंत्रणा बंदिस्त असते आणि गॅस वापरून संपत नाही. दरवर्षी भरावा लागतो याचा अर्थ दरवर्षी गळतो. त्यातही काही ठिकाणी उरलेला गॅस आधी पिन दाबून हवेत सोडतात आणि मग नवा भरतात. हे थांबवायला हवं, आणि ते ग्राहकच थांबवू शकतो. गॅरेजमध्ये गाडी देण्याआधी विचारा: गॅस काढून घेणारं रिकव्हरी मशीन आहे का? नसेल तर दुसरीकडे जा.

योग्य क्रम असा. मशीनने उरलेला गॅस काढून त्याचं वजन करायचं, म्हणजे किती गळला ते कळतं. मग रिकाम्या लाइनमध्ये कोरडा नायट्रोजन दाबाने भरून अर्धा तास सोडायचा आणि सांध्यांवर साबणाचा फेस लावायचा. तेलकट डाग असलेल्या जागा आधी बघा, कारण गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही बाहेर येतं. गळती नेहमी ठरलेल्या ठिकाणी सापडते: पाइपच्या सांध्यातली कडक झालेली ओ-रिंग, सर्व्हिस व्हॉल्व्हची पिन, खडी लागून किंवा गंजून छिद्र पडलेला कंडेन्सर, कॉम्प्रेसरच्या शाफ्टचं सील. व्हॉल्व्हवरचं प्लास्टिकचं टोपण हरवलं असेल तर तेही गळतीचं कारण असतं.

दुरुस्ती झाल्यावर व्हॅक्यूम पंप किमान अर्धा तास चालवायचा, मग बंद करून पंधरा मिनिटं काटा पाहायचा. काटा वर सरकला तर गळती अजून आहे किंवा आत ओलावा आहे. ओलावा राहिला तर तो गॅस-तेलाबरोबर आम्ल तयार करतो आणि आतले भाग खातो. त्यानंतर बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेल्या वजनाइतकाच गॅस काट्यावर मोजून भरायचा. नुसता दाब बघून ‘टॉप-अप’ केलं की कमी-जास्त होतं. जास्त भरला तरी थंडावा कमी होतो आणि कॉम्प्रेसर इंजिनवर जादा भार टाकतो. स्वस्तात पडतो म्हणून कुणी ज्वलनशील मिश्रण भरून देत असेल तर स्पष्ट नकार द्या. ही यंत्रणा त्यासाठी बनवलेलीच नाही.

थंडीतही आठवड्यातून एकदा दहा मिनिटं एसी चालू ठेवा. शाफ्टच्या सीलला तेल मिळत राहतं आणि ते सुकून तडकत नाही.

वीज कोळशावरच बनते. मग इलेक्ट्रिक स्कूटर घेऊन काय फरक पडतो? — एक वाचक, हडपसर

भारताच्या ग्रिडमधल्या एका युनिटमागे सरासरी सुमारे ०.७२ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. चार्जिंगमधला तोटा धरून इलेक्ट्रिक स्कूटरला भिंतीच्या सॉकेटवर किलोमीटरला साधारण ३५ वॉट-तास लागतात, म्हणजे २५ ग्रॅम. ४५ किमीचा ॲव्हरेज देणारी पेट्रोल स्कूटर किलोमीटरला ५१ ग्रॅम सोडते. कोळशाची वीज धरूनही आकडा निम्म्यावर येतो, कारण पेट्रोल इंजिनमध्ये तीन चतुर्थांश ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते.

बॅटरी बनवतानाचा कार्बन मात्र सोडून देता येत नाही. एका किलोवॉट-तास क्षमतेमागे साधारण ६० ते १०० किलो धरतात. तीन किलोवॉट-तासाच्या बॅटरीचे १८० ते ३०० किलो झाले. किलोमीटरला २६ ग्रॅम वाचत असतील तर हे कर्ज सात ते साडेअकरा हजार किमीला फिटतं. रोज ३० किमी जाणाऱ्याला साधारण वर्षभर लागेल. पण ज्यांची स्कूटर रोज भाजी आणण्यापुरती चार-पाच किमी चालते, त्यांना सहा-सात वर्षं लागतील. त्यांनी चालू गाडी मोडीत काढून नवी घेण्याची घाई करू नये. जुनी गाडी नीट ठेवावी आणि त्या चार किमीपैकी दोन पायी जावं.

शक्य असेल तर सकाळी दहा ते दुपारी चारच्या दरम्यान चार्ज करा. त्या वेळी ग्रिडमध्ये सौरऊर्जेचा वाटा मोठा असतो. उन्हातून आल्या आल्या प्लग लावू नका, अर्धा तास बॅटरी निवू द्या. गावाला जाताना ती पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामी न ठेवता निम्म्यावर ठेवा.

सोसायटीच्या तळघरात इलेक्ट्रिक कारसाठी ७.४ किलोवॉटचा चार्जर बसवायचा आहे. मीटर रूमपासून माझं पार्किंग ६० मीटरवर आहे. इलेक्ट्रिशियन ६ चौरस मिमीची तांब्याची वायर पुरेल म्हणतो. — एक वाचक, वाकड

७.४ किलोवॉट म्हणजे ३२ अँपिअर, आणि तेही सलग काही तास. ६ चौरस मिमीच्या तांब्याच्या जोडवायरीत मीटरला, अँपिअरला सुमारे ७.३ मिलिव्होल्ट पडतात. ६० मीटरवर १४ व्होल्टची घट होईल, म्हणजे सहा टक्के. साडेचारशे वॉट नुसती वायर तापवण्यात जातील. १० चौरस मिमी घेतली तर घट साडेआठ व्होल्टवर, म्हणजे साडेतीन टक्क्यांच्या आसपास येते. १६ घेतली तर अडीच टक्क्यांच्या आत. इतक्या अंतरावर ३२ अँपिअरसाठी १० च्या खाली जाऊ नका.

पण त्याआधी स्वतःला विचारा, ७.४ किलोवॉट खरंच लागतात का? रोज ३५-४० किमी धावणाऱ्या कारला सहा युनिटांच्या आसपास लागतात. ३.३ किलोवॉटच्या साध्या चार्जरने ते दोन तासांत भरतात, आणि गाडी रात्रभर उभीच असते. १६ अँपिअरला तीच ६ चौरस मिमीची वायर ६० मीटरवर जेमतेम तीन टक्के घट देते. शेजारच्या वीस कुटुंबांनी प्रत्येकी ७.४ चा हट्ट धरला तर ट्रान्सफॉर्मर बदलण्याची वेळ येईल. ३.३ वर सगळ्यांचं भागतं.

वायरइतकंच महत्त्व बाकीच्या गोष्टींना आहे. महावितरणकडे मंजूर भार वाढवून घ्या. घरच्या जोडणीवर गाडी चार्ज करायला केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांची मुभा आहे. सोसायटीकडे अर्ज करताना केबलचा मार्ग, ट्रे आणि मीटरचा तपशील नकाशासकट द्या. नुसतं ‘परवानगी द्यावी’ असं लिहिलेला अर्ज समिती घाबरून बाजूला ठेवते. प्रत्येक पॉइंटला ३० मिलिअँपिअरचा टाइप-ए आरसीबीओ (करंट गळला किंवा भार वाढला की वीज तोडणारा ब्रेकर) लावा. घरातला १६ अँपिअरचा सॉकेट तासन्‌तास पूर्ण भाराने चालला की त्याच्या पट्ट्या सैल होऊन तापतात, म्हणून निळा औद्योगिक सॉकेट बसवा. एक्स्टेन्शन बोर्ड अजिबात नको.

चार्जरवर लाल दिवा लागून अर्थिंगचा दोष दाखवत असेल, तर न्यूट्रल आणि अर्थ एकमेकांना जोडून दिवा घालवून देणारे लोक भेटतील. तसं कधीही करू देऊ नका. न्यूट्रल कुठे तुटला तर गाडीच्या पूर्ण पत्र्यात करंट उतरतो आणि तळघरात पावसाचं पाणी असेल तर जीव जाऊ शकतो. अर्थपिट दुरुस्त करणं एवढाच त्यावर उपाय आहे.

सीएनजी रिक्षा किलोला ३३ किमी जायची, आता २६ जाते. — एक रिक्षाचालक, येरवडा

सर्वांत आधी गळती बघा. साबणाचं पाणी स्पंजने सिलेंडरच्या व्हॉल्व्हवर, पाइपच्या प्रत्येक सांध्यावर आणि रेड्यूसरवर (गॅसचा दाब कमी करणाऱ्या भागावर) लावा. बुडबुडे दिसले तर व्हॉल्व्ह बंद करून अधिकृत केंद्रात जा, स्वतः पाना लावू नका. काडी पेटवून तर चुकूनही बघू नका. गळती पैशाला महाग आहेच, हवेलाही आहे. एक किलो सीएनजी जळला तर पावणेतीन किलो कार्बन डायऑक्साइड होतो. तोच न जळता मिथेन म्हणून निसटला तर शंभर वर्षांच्या हिशोबाने सुमारे २८ किलो कार्बन डायऑक्साइडइतकं नुकसान करतो, म्हणजे दहापट.

गळती नसेल तर टॅपेट. गॅस कोरडा असतो, त्यामुळे व्हॉल्व्ह आणि त्याची बैठक लवकर झिजते. झिजली की व्हॉल्व्ह आत सरकतो, फट नाहीशी होते, व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि कॉम्प्रेशन जातं. मग सकाळी सुरू व्हायला त्रास आणि चढाला दम. सीएनजीला ठिणगीही जोरदार लागते, त्यामुळे प्लगची फट कंपनीने दिली आहे तेवढीच हवी. झिजून वाढलेल्या फटीवर पेट्रोल चालून जातं, गॅस चुकतो. एअर फिल्टर आणि रेड्यूसरमध्ये साठलेलं तेल हेही तपासा.

सिलेंडरची हायड्रोटेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) दर तीन वर्षांनी करून घ्यायची असते, पाटीवरची तारीख बघून ठेवा. आणि दिवसात किती किमी रिकामे होतात ते एक आठवडा वहीत लिहा. भाडं सोडल्यावर गिऱ्हाईक शोधत फिरण्याऐवजी जवळच्या स्टँडवर थांबलात, तर किटची कुठलीही दुरुस्ती वाचवेल त्याहून जास्त गॅस वाचू शकतो.

दुपारी पीएमपीची बस रिकामी धावते. मग स्कूटरच बरी नाही का? — एक वाचक, कात्रज

बारा मीटरची सीएनजी बस किलोमीटरला साधारण एक किलो कार्बन डायऑक्साइड सोडते. चाळीस प्रवासी असतील तर माणशी २५ ग्रॅम, आठच असतील तर १२५. म्हणजे रिकाम्या बसची सरासरी स्कूटरच्या ५१ ग्रॅमपेक्षा वाईट, हे तुमचं म्हणणं गणित म्हणून बरोबर आहे. पण ती बस वेळापत्रकाप्रमाणे जाणारच आहे. तुम्ही चढलात म्हणून तिचा गॅस जवळजवळ वाढत नाही, स्कूटर घरी राहिली म्हणून तिचं पेट्रोल मात्र पूर्ण वाचतं. म्हणूनच रिकाम्या बसने जाणंही स्कूटरपेक्षा कितीतरी कमी कार्बनचं ठरतं.

तुमच्यासाठी कात्रज ते स्वारगेट बस, आणि पिंपरीकडे जायचं असेल तर स्वारगेटहून भुयारी मेट्रो. वनाझ किंवा रामवाडीच्या बाजूला जायचं तर जिल्हा न्यायालय (सिव्हिल कोर्ट) स्टेशनला गाडी बदलायची. घरापासून बसथांबा किंवा मेट्रो स्टेशन दीड-दोन किमी असेल तर तेवढ्यासाठी स्कूटर काढू नका. थंड इंजिन पहिल्या एक-दोन किमीत सर्वांत जास्त पेट्रोल खातं आणि कन्व्हर्टर तापलेला नसल्याने विषारी वायूही तेव्हाच जास्त निघतात. तेवढ्या अंतराला सायकल उत्तम.

सिग्नलला इंजिन किती सेकंदांसाठी बंद करावं? पुन्हा चालू करताना जास्त पेट्रोल जात नाही का? — एक वाचक, नळ स्टॉप

आजच्या एफआय गाडीत पुन्हा सुरू करायला साधारण दहा सेकंद उभ्या इंजिनाइतकं इंधन लागतं. वीस-तीस सेकंदांहून जास्त थांबायचं असेल तर बंद करा, उलट मोजणी पाचवर आली की सुरू करा. लहान पेट्रोल कार उभ्या उभ्या तासाला ०.७ लिटरच्या आसपास पिते, एसी चालू असेल तर अधिक. रोज आठ मिनिटं वाचली तर वर्षाला २८ लिटर. बॅटरी अशक्त असेल तर आधी ती बदला, नाहीतर चौकात अडकाल.

वर्षभराच्या पेट्रोलची भरपाई म्हणून किती झाडं लावू? — एक वाचक, बाणेर

मोठं झालेलं झाड वर्षाला ढोबळमानाने २० किलो कार्बन डायऑक्साइड शोषतं, रोप त्याच्या काही अंशच. पहिल्या उत्तरातल्या स्कूटरचेच ४६० किलो फेडायला २३ वाढलेली झाडं लागतील. झाडं जरूर लावा, सावली आणि पक्ष्यांसाठी लावा. पेट्रोलची फेड म्हणून त्यांच्यावर विसंबू नका.

दर आठवड्याला एकट्याने कारने मुंबईला जातो. कार सोडणं शक्य नाही. निदान इंधन कमी कसं लागेल? — एक वाचक, निगडी

एका बाजूच्या १५० किमीला साडेनऊ लिटरच्या आसपास पेट्रोल धरलं तर २२ किलो कार्बन डायऑक्साइड. विजेच्या रेल्वेने, भरलेल्या गाडीत, माणशी तो दोन-तीन किलोंवर येतो. म्हणून चारपैकी एखादी फेरी तरी रेल्वेने करून पाहा, एवढी विनंती आहे.

कारने जाताना वेगावर लक्ष ठेवा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ८० वरून १०० वर गेलात तर तो दीडपटीहून जास्त होतो, आणि वाचतात ती द्रुतगती मार्गाच्या ९५ किमीमध्ये चौदा-पंधरा मिनिटं. ती बऱ्याचदा पुढे वाशीच्या गर्दीत जातातच. छतावरचा रिकामा कॅरिअर काढून ठेवा. महामार्गावर निघण्याआधी, टायर थंड असताना हवा स्टिकरप्रमाणे भरा.

घाट उतरताना पेट्रोल वाचवायचं म्हणून गाडी न्यूट्रलवर सोडण्याची जुनी सवय अनेकांना आहे. एफआय गाडीत त्याने उलटच होतं. गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की इंजेक्टर पेट्रोल पूर्ण बंद करतो, इंजिनला चाकंच फिरवत राहतात. न्यूट्रल केलं की इंजिन चालू ठेवायला पुन्हा पेट्रोल सोडावं लागतं, शिवाय सगळा भार ब्रेकवर येऊन ते तापतात आणि खाली पोहोचेपर्यंत पकड सोडतात. ज्या गिअरमध्ये घाट चढलात त्याच किंवा त्याहून एक खालच्या गिअरमध्ये उतरा, आणि ब्रेक सलग दाबून न धरता थोडा वेळ दाबून सोडत राहा.